सोडिअमचा अणू इलेक्ट्रॉन देतो, की तो त्याच्याकडून काढून घ्यावा लागतो?

रसायनवाली

सोडिअमच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो. तो देऊन टाकला की अष्टक (बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण होतं, म्हणून सोडिअम तो देतं आणि धन आयन, म्हणजे धनप्रभार असलेला अणू, होतं. क्लोरीनला एक कमी पडतो, तो घेतो आणि ऋण आयन होतो. शाळेत आपण सगळे हेच शिकलो आणि अकरावीला माझ्याकडे येणारी मुलंही हेच घेऊन येतात. यातली शेवटची स्थिती बरोबर आहे. कारण मात्र चूक आहे, आणि ते चुकीचं कारण एकदा डोक्यात बसलं की पुढचं बरंचसं रसायनशास्त्र पाठांतरात जमा होतं. म्हणून हा धागा काढते आहे.

आधी मूळ गोष्ट. सोडिअमच्या अणूत ११ प्रोटॉन आणि ११ इलेक्ट्रॉन, प्रभारांची बेरीज शून्य. रासायनिक क्रियेत केंद्रकाला धक्का लागत नाही, प्रोटॉन ११च राहतात. बदलते ती इलेक्ट्रॉनची संख्या. १० उरले तर एक धनप्रभार शिल्लक राहतो. क्लोरीनच्या १७ इलेक्ट्रॉनचे १८ झाले तर एक ऋणप्रभार.

आता तो अकरावा इलेक्ट्रॉन जातो कसा? सोडिअमची वाफ घ्या, म्हणजे सगळे अणू सुटे आहेत, शेजारी कोणी नाही. अशा एक मोल अणूंमधून (मोल म्हणजे अणूंची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या; सोडिअमचा एक मोल २३ ग्रॅमचा) प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल ऊर्जा बाहेरून द्यावी लागते. केंद्रक त्या इलेक्ट्रॉनला धरून आहे. आतल्या दहा इलेक्ट्रॉनच्या आडोशामुळे पकड सैल झाली आहे, पण सुटलेली नाही. हे सोडिअमपुरतं नाही. कुठल्याही मूलद्रव्याचा उदासीन अणू घ्या, त्यातून इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा लागतेच. सिझिअमसारख्या सैल पकडीच्या अणूलाही मोलमागे ३७६ किलोज्यूल लागतात. आपण होऊन इलेक्ट्रॉन सोडून देणारा एकही अणू आवर्तसारणीत नाही.

क्लोरीनच्या सुट्या अणूला इलेक्ट्रॉन मिळाला की ३४९ किलोज्यूल बाहेर पडतात. म्हणजे खर्च ४९६, जमा ३४९. १४७ची तूट! सुटा सोडिअम अणू आणि त्याच्यापासून दूर असलेला सुटा क्लोरीन अणू यांच्यात देवाणघेवाण होणं तोट्याचं आहे, अष्टकं दोघांची पूर्ण होत असली तरीही.

तूट भरून निघते ती दोघं जवळ आल्यावर. विरुद्ध प्रभारांचं आकर्षण कामाला लागतं. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम, आणि ही रचना तिन्ही दिशांना पसरत जाते. सुटे आयन एकत्र येऊन असा स्फटिक बनला की मोलमागे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. मॅक्स बॉर्न आणि फ्रिट्झ हाबर यांनी १९१९ मध्ये हा सगळा हिशेब मांडण्याची रीत दिली. घन सोडिअमचे अणू सुटे करायला १०७, क्लोरीनच्या रेणूचा बंध तोडून एक मोल अणू मिळवायला १२१, इलेक्ट्रॉन काढायला ४९६. उलट बाजूला ३४९ आणि ७८७. वजाबाकी करा, मोलमागे सुमारे ४११ किलोज्यूल बाहेर पडतात. सोडिअम क्लोरीनमध्ये पिवळ्या ज्वाळेने जळतं ते यामुळे.

सोडिअमचा दुसरा इलेक्ट्रॉन का निघत नाही, याचं उत्तरही याच हिशेबात आहे. तो आतल्या कवचातला आहे, त्याला ४५६२ किलोज्यूल लागतात. इतकी भरपाई सोडिअमचा कुठलाच स्फटिक करू शकत नाही. आपण ज्याला अष्टकाचा नियम म्हणतो तो या उडीचा परिणाम आहे.

---

मिठागर

वाचून छान वाटलं. आमच्या वेळी 'मीठ पाण्यात टाकलं की त्याचे आयन तयार होतात' असं वहीत उतरवून घेतलं होतं. तुम्ही म्हणता त्यावरून आयन आधीच तयार असतात. मग पाणी काय करतं?

---

रसायनवाली

मिठागर, पाणी त्यांना फक्त सुटं करतं. डब्यातल्या कोरड्या मिठातही आयनच आहेत, पण जागेवर जखडलेले, म्हणून कोरडं मीठ वीज वाहू देत नाही. ८०१ अंश सेल्सिअसला मीठ वितळतं तेव्हा पाण्याचा थेंबही नसताना ते वीज वाहून नेतं. धातुरूप सोडिअम कारखान्यात बनतं ते वितळलेल्या मिठाच्या विद्युत अपघटनानेच.

स्वान्ते अऱ्हेनियसने १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाला दिलेल्या प्रबंधात द्रावणातल्या आयनांची कल्पना मांडली. प्रबंधाला अगदी खालची श्रेणी मिळाली, आणि १९०३ मध्ये त्याच कामासाठी नोबेल. पण त्याच्याही डोळ्यांसमोर मिठाचे रेणू होते, जे पाण्यात तुटतात. १९१३ मध्ये लॉरेन्स ब्रॅगने क्ष-किरणांनी मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली, तेव्हा कळलं की सोडिअम क्लोराइडचा वेगळा असा रेणू स्फटिकात नाहीच. हे पचायला जड गेलं. हेन्री आर्मस्ट्राँगसारख्या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञाने १९२७ मध्येही 'नेचर'मध्ये पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटासारख्या रचनेवर कडाडून टीका केली होती.

तुमच्या वहीतलं वाक्य हायड्रोजन क्लोराइड वायूला मात्र लागू पडतं. त्यात खरेखुरे रेणू असतात, बंध सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले. तो पाण्यात शिरला की हायड्रोजनचं केंद्रक पाण्याच्या रेणूकडे जातं, इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे राहतो, आणि आयन तिथेच जन्माला येतात. मीठ आणि हायड्रोक्लोरिक आम्ल, दोन्ही पाण्यात आयन देतात, पण घडतं ते अगदी वेगळं.

स्फटिक मोडायचा खर्चही पाणीच उचलतं. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनकडची किंचित धन. ते रेणू प्रत्येक आयनाला घेरतात आणि त्यातून जवळपास तेवढीच ऊर्जा परत मिळते. मोलमागे जेमतेम ४ किलोज्यूल कमी पडतात, ते पाण्याच्या उष्णतेतून जातात. म्हणून मीठ विरघळताना पाणी किंचित थंड होतं.

---

घाटमाथा

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. ताई, तुमचं म्हणणं पटलं तरी एक विरोध नोंदवतो. चौदा वर्षांच्या मुलाला आयनीभवन ऊर्जा, स्फटिकाची ऊर्जा हे सगळं देता येत नाही. अष्टकाच्या नियमावर तो संयुजा काढतो, सूत्रं लिहितो, समीकरणं संतुलित करतो. काम होतं. सुरुवात कुठूनतरी करावीच लागते.

---

रसायनवाली

सर, अष्टक काढून टाका असं मी म्हणत नाही. कुठला आयन होईल हे ओळखायला ते उत्तम आहे. माझा विरोध त्याला कारण म्हणून सांगण्याला आहे. आकडे न देताही सांगता येतं: 'सोडिअमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला थोडी ऊर्जा लागते. आतला काढायला फार लागते. क्लोरीन जवळ असला तर ती थोडी ऊर्जा भरून निघते.' तीन वाक्यं. नववीच्या मुलाला नक्की झेपतात.

आणि हे सांगितलं नाही तर पुढे काय अडतं ते पाहा. मॅग्नेशिअमचे दोन इलेक्ट्रॉन काढायला ७३८ आणि १४५१ मिळून २१८९ किलोज्यूल लागतात, म्हणजे सोडिअमच्या चौपटीहून जास्त. तरी मॅग्नेशिअमची फीत भगभगीत पांढऱ्या ज्वाळेने जळते. ऑक्सिजनचं तर आणखी विलक्षण. पहिला इलेक्ट्रॉन घेताना १४१ किलोज्यूल बाहेर पडतात, पण दुसरा घेताना सातशेहून जास्त द्यावे लागतात, कारण ऋण झालेल्या आयनात आणखी एक ऋण इलेक्ट्रॉन कोंबायचा आहे. दोन ऋणप्रभारांचा ऑक्साइड आयन पोकळीत एकटा टिकतच नाही, इलेक्ट्रॉन बाहेर टाकतो. अष्टक पूर्ण असूनही! तो टिकतो तो स्फटिकात, चारी बाजूंनी धन आयनांनी धरून ठेवल्यामुळे. मॅग्नेशिअम ऑक्साइडच्या स्फटिकात दोन-दोन प्रभार एकमेकांना ओढतात, मोलमागे सुमारे ३८०० किलोज्यूल. म्हणून तो २८०० अंशांच्या वर वितळतो आणि पोलादाच्या भट्ट्यांना आतून लावायच्या विटा त्याच्या करतात. 'ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन हवे असतात' असं शिकलेल्या मुलाला यातलं काही कळणार नाही.

---

घाटमाथा

ऑक्सिजनचं खरंच माहीत नव्हतं. ती तीन वाक्यं यंदा वर्गात वापरतो.

---

बकुळ_फुले

धागा आवडला. गॅसवर भाताचं खारं पाणी उतू गेलं की ज्योत पिवळी होते, तो सोडिअमच्या आयनाचा रंग ना?

---

वर्णपट

बकुळताई, तो रंग सोडिअमचाच, पण आयनाचा नाही. सोडिअम आयनात उरलेले दहा इलेक्ट्रॉन इतके घट्ट असतात की दृश्य प्रकाशाएवढ्या ऊर्जेने ते जागचे हलत नाहीत. ज्योतीच्या उष्णतेत मिठातून सोडिअमचे उदासीन अणू सुटतात, म्हणजे आयनाला त्याचा इलेक्ट्रॉन परत मिळालेला असतो. त्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनच्या उड्यांतून ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश येतो. इलेक्ट्रॉन गेला तर रंगही जाईल.

हेच सूत्र धरून भारतीय भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांनी ताऱ्यांचं तापमान वाचायची किल्ली दिली, आणि ते इथे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. रसायनवाली यांनी स्फटिक आणि पाणी घेतलं, मी नुसत्या उष्णतेने होणारे आयन घेतो.

सूर्याच्या वर्णपटात कॅल्शिअमच्या दोन ठळक रेषा दिसतात, ३९३ आणि ३९७ नॅनोमीटरच्या आसपास. या उदासीन कॅल्शिअमच्या नाहीत, एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनाच्या आहेत. खग्रास ग्रहणात दिसणाऱ्या वर्णगोलात, म्हणजे पृष्ठभागावरच्या विरळ थरात, त्या फार उंचीपर्यंत दिसत. कॅल्शिअमसारखा जड अणू इतक्या उंचीवर, आणि तोही आयनाच्या रूपात, हे कोडं होतं.

कॅल्शिअमचा इलेक्ट्रॉन काढायला ६.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (एकेका अणूची ऊर्जा मोजायचं एकक) लागतात. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५८०० केल्व्हिन, त्या तापमानाला कणाच्या वाट्याला साधारण अर्धा इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतो. वरवर पाहता भागत नाही. साहांनी याकडे रासायनिक समतोल म्हणून पाहिलं: अणू तुटून आयन आणि इलेक्ट्रॉन होतो, आयन आणि इलेक्ट्रॉन भेटून पुन्हा अणू होतो. अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टची सरासरी असली तरी काही टकरा जोरदार असतात, त्यांत इलेक्ट्रॉन निघतो. एकदा निघाला की त्याला परत यायला आयन भेटायला हवा. विरळ वायूत तो भेटतच नाही. म्हणजे आयन किती होतील हे तापमानावर तसंच दाबावरही ठरतं, आणि दाब कमी तितके आयन जास्त. १९२० मध्ये 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये हा लेख आला तेव्हा साहा कलकत्त्यात शिकवत होते, वय जेमतेम सत्तावीस.

या समीकरणाची परीक्षाही लवकर झाली. रुबिडिअमची पकड सोडिअमपेक्षा सैल, म्हणून सूर्यावर त्याचे जवळजवळ सगळे अणू आयन झालेले असणार आणि उदासीन रुबिडिअमच्या रेषा दिसणार नाहीत. पण सौरडाग तुलनेने थंड असतात, तिथे त्या सापडायला हव्यात, असं साहांनी सांगितलं. खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेलने सौरडागांच्या वर्णपटात शोधलं आणि रुबिडिअम सापडलं. १९२५ मध्ये सेसिलिया पेनने हेच समीकरण वापरून दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलिअमचे आहेत. तोवर लोक समजत होते की सूर्याची घडण पृथ्वीसारखीच असावी, कारण रेषा लोखंडाच्या आणि कॅल्शिअमच्या ठळक दिसतात. रेषा ठळक असणं आणि मूलद्रव्य भरपूर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आयनांचं गणित कळल्याशिवाय कळलं नसतं.

---

तारायंत्र

साहांबद्दल वाचून भारावलो.

एक प्रश्न सोसायटीच्या बैठकीत दरवेळी येतो, इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. मोबाईल टॉवरच्या लहरींनी शरीरातले अणू आयन होतात का? रेडिएशन म्हटलं की लोक क्ष-किरणांशी जोडतात.

---

वर्णपट

नाही होत. प्रकाश किंवा रेडिओलहरी इलेक्ट्रॉन काढतात ते एकेका फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणाच्या, धक्क्याने, आणि फोटॉनची ऊर्जा वारंवारतेवर ठरते. पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे १२.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. ३.५ गिगाहर्ट्झच्या फोटॉनकडे त्याच्या जवळपास दहा लाखावा भाग असतो. टॉवरची शक्ती वाढवली तर फोटॉनची संख्या वाढते, एकेकाची ताकद नाही. खूप शक्तीच्या सूक्ष्मलहरी ऊतकं तापवू शकतात, मर्यादा त्यासाठी घातलेल्या असतात, पण ते तापणं आहे, आयनीभवन नव्हे. क्ष-किरणांचा फोटॉन हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो, म्हणून तिथे शिशाचं ॲप्रन लागतं.

---

तारायंत्र

आभार. पुढच्या बैठकीत छापून नेतो.

---

देवराई

कॉलेजात सरांनी सोडिअमचा तुकडा पाण्यात टाकला होता, तो सूं सूं करत फिरला आणि फाटकन उडाला. हायड्रोजन पेटतो म्हणून स्फोट, असं सांगितलं होतं. तेवढंच आहे का?

---

रसायनवाली

देवराई, तेवढंच असेल तर एक अडचण येते. धातू आणि पाणी यांच्यामध्ये हायड्रोजनचा आणि वाफेचा पडदा तयार व्हायला हवा आणि क्रिया मंदावायला हवी. तशी ती नेहमी मंदावत नाही.

प्रागमधल्या पावेल युंगविर्थ यांच्या गटाने २०१५ मध्ये 'नेचर केमिस्ट्री'त याचं उत्तर दिलं. त्यांनी सोडिअम-पोटॅशिअमच्या मिश्रधातूचे थेंब पाण्यात सोडले (हे मिश्रण खोलीच्या तापमानाला द्रव असतं) आणि अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. थेंब पाण्याला टेकल्यावर मिलिसेकंदाच्या अंशातच त्यातून टोकदार काटे बाहेर फुटताना दिसले. पृष्ठभागावरच्या अणूंचे इलेक्ट्रॉन इतक्या झटपट पाण्यात जातात की मागे धन आयनांची दाटी उरते. ते एकमेकांना ढकलतात आणि धातूचा थेंब आतून फुटतो. पाण्याला भिडलेला पृष्ठभाग एकदम कैकपट वाढतो, आणि मग उष्णता, हायड्रोजन, भडका हे सगळं. अणूंचे आयन होणं डोळ्यांनी पाहायचं असेल तर ते चित्रण शोधून पाहा. घरी मात्र करू नका, डोळे जातात.

---

नाचणी

थोडं विषयाबाहेर. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या असं डॉक्टर सांगतात, त्याचा आयनांशी काही संबंध?

---

रसायनवाली

थेट संबंध. लोहाचे दोन आयन नेहमी भेटतात, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला फेरस आणि तीन गमावलेला फेरिक. आतड्याच्या पेशी फेरस आत घेतात. पालेभाज्या, पोहे, नाचणी यांतलं लोह बरंचसं फेरिक असतं. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याला एक इलेक्ट्रॉन परत देतं, फेरिकचा फेरस होतो. पोह्यांवर लिंबू पिळतोच आपण. जेवणावर लगेच चहा मात्र टाळा, त्यातले टॅनिन लोहाला अडकवून ठेवतात.

---

घाटमाथा

ताई, एक शेवटचं. निष्क्रिय वायूंचं अष्टक मुळातच पूर्ण. त्यांच्यातून इलेक्ट्रॉन निघूच शकत नाही असं सांगितलं तर चालेल?

---

रसायनवाली

नको सर, ते १९६२ मध्येच मोडलं. व्हँकूवरला नील बार्टलेट प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडवर काम करत होता. त्या वायूने ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेतल्याचं त्याला दिसलं. मग त्याच्या लक्षात आलं की ऑक्सिजनच्या रेणूतून आणि झेनॉनच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा जवळजवळ सारखीच, सुमारे १२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ऑक्सिजनचा निघतो तर झेनॉनचाही निघायला हवा. दोन वायू एकत्र सोडले आणि पिवळट-नारिंगी घन पदार्थ तयार झाला. अष्टकावर विसंबून राहिला असता तर त्याने तो प्रयोग केलाच नसता. नेऑनची गोष्ट वेगळी, तिथे २०८१ किलोज्यूल लागतात आणि भरपाई करणारं अजून कोणी सापडलेलं नाही.

---

वर्णपट

ऋण आयनांवर इथे कमी बोलणं झालं म्हणून एक भर घालतो. सूर्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे बहुतेक अणू उदासीन असतात, कारण त्यांना १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. पण सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, लोखंड यांचे निघालेले इलेक्ट्रॉन तिथे मोकळे फिरत असतात. त्यातला एखादा हायड्रोजनच्या अणूला चिकटतो आणि हायड्रोजनचा ऋण आयन होतो. पकड अगदी दुबळी, फक्त ०.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. १९३९ मध्ये रूपर्ट विल्ट यांनी दाखवलं की सूर्याचा पृष्ठभाग अपारदर्शक दिसतो तो या आयनांमुळे. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी पुढे त्याचं सविस्तर गणित केलं. इलेक्ट्रॉन चिकटताना प्रकाश बाहेर पडतो, आणि आपल्यापर्यंत येणाऱ्या दृश्य सूर्यप्रकाशाचा मोठा वाटा त्याचाच आहे.

---

मिठागर

हे भलतंच सुंदर आहे. मग तशाच तऱ्हेने सोडिअमचाही ऋण आयन होऊ शकतो का?

---

रसायनवाली

होऊ शकतो, आणि झालेला आहे. सोडिअमच्या सुट्या अणूने इलेक्ट्रॉन घेतला तर मोलमागे ५३ किलोज्यूल बाहेर पडतात. थोडे, पण बाहेर पडतात. द्यायला ऊर्जा लागते आणि घ्यायला मिळते, हे सोडिअमबाबतही खरं आहे. अडचण एवढीच की क्लोरीन, ऑक्सिजन, पाणी यांपैकी कोणीही जवळ असलं की ते इलेक्ट्रॉन ओढून नेतात.

१९७४ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात जेम्स डाय आणि सहकाऱ्यांनी सोडिअमला अशा एका सेंद्रिय रेणूबरोबर ठेवलं, जो सोडिअमच्या धन आयनाला पिंजऱ्यासारखा चहूबाजूंनी कवटाळतो. त्या कवटाळण्यातून मिळालेल्या ऊर्जेवर एका सोडिअमचा इलेक्ट्रॉन निघाला आणि तो घेणारा दुसरा सोडिअमच निघाला. स्फटिक सोन्यासारखे चमकदार. त्यात अर्धे सोडिअम धन, पिंजऱ्यात बसलेले, आणि अर्धे ऋण, बाहेरच्या कवचात दोन इलेक्ट्रॉन घेऊन. हवा किंवा ओल लागली तर ते नासतात, म्हणून थंड आणि निर्वात ठेवावे लागतात.